गुडघ्याचा सौदा

बैल विकणाऱ्याला बैलाची खोड विचारू नये. विचारली तर तो सांगणार नाही, आणि सांगितलीच तर तिच्यामागं दुसरी, मोठी खोड लपलेली असणार. खोड घेणाऱ्यानं आपल्या डोळ्यांनी शोधायची. सापडली तर भाव पाडायचा, नाही सापडली तर घरी नेऊन कपाळावर हात मारायचा. यात कुणी कुणाला फसवत नाही. बाजाराचा कायदाच तसा आहे.

मी हेडी. आमच्या हिंगोलीकडं बैलांच्या खरेदी-विक्रीवर पोट भरणाऱ्याला हेडी म्हणतात. एखाद्याला लबाड म्हणायचं असलं तरी हाच शब्द वापरतात, त्याला माझा इलाज नाही. माझ्या वडिलांच्या दावणीला कधी बैल नव्हता, चार शेळ्या होत्या. मी बाजारात आलो तो दुसऱ्यांच्या बैलांना पाणी पाजायला. पाणी पाजता पाजता बघायला शिकलो, मग बोलायला शिकलो, मग स्वतःची दावण लावली. कुणी बोट धरून नेलं नाही, त्यामुळं कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. याचा राग नाकावर असतो, असं लोक म्हणतात. म्हणोत.

दावण मात्र माझ्या एकट्याची नव्हती. गोरेगावचा रशीदभाई माझा भागीदार. खेड्यापाड्यांतून बैल गोळा करणं, टेम्पो, चारापाणी, पावत्या हे त्याचं काम. पारख आणि सौदा माझा. आमची मिशी फुटली तेव्हापासून ती पांढरी होईपर्यंत हे असंच चाललं. आज त्याचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं. का होतं, ते सांगतो. पण त्याआधी धंदा समजून घ्यावा लागेल.

लोकांना वाटतं, बैलाची पारख म्हणजे दात बघणं. दातांवरून वय कळतं, बाकी काही कळत नाही. बैल घ्यायचा म्हणजे त्याची चाल घ्यायची. नांगरट आता ट्रॅक्टरनं होते, पण सोयाबीनच्या ओळींमधून कोळपं चालवायचं तर बैलच लागतो, आणि तो एका लयीत, सरळ चालणारा लागतो. म्हणून बैल चालवून बघायचा, तोही कडक जमिनीवर. भुसभुशीत मातीत लंगडा बैलसुद्धा नवरदेवासारखा चालतो. त्याच्या मागं मागं चालत जायचं, कारण पुढून सगळेच बैल चांगले दिसतात. मग त्याला जागेवर वळवायचा. पायात काही असेल तर वळताना तो अंग चोरतो. हे सगळं चालत, वाकत, बसत-उठत करावं लागतं. हेड्याचे डोळे त्याच्या पायांत असतात.

एकदा वाशीमकडचा एक गडी देखणा लाल कंधारी बैल घेऊन आला होता. चालवला, बरोबर. वळवला, बरोबर. पण बैलाच्या अंगावर सकाळच्या गारव्यात घाम होता. मी घामाचं नाव न काढता म्हणालो, ‘‘पाव्हणं, चहा घेऊ.’’ चहा घेतला, पान खाल्लं, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली. गडी सारखा उठायला बघत होता, मी सारखा बसवत होतो. बराच वेळ गेल्यावर म्हणालो, ‘‘आता चालवा.’’ बैलानं पहिली दोन पावलं टाकली आणि मागचा उजवा पाय ओढला. आखडलेला पाय मोकळा व्हावा म्हणून त्यानं पहाटेपासून बैल फिरवत ठेवला होता. रशीदभाई हसत म्हणाला, ‘‘बापू, तू बैलाला चहा पाजून मारलास.’’

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. शिरड शहापूरचे एक गृहस्थ बाजारात स्वतःची बादली घेऊन यायचे. चाल नाही, दात नाही, बैल पाणी कसा पितो ते बघायचे. घाईनं पिणारा बैल शेतातही घाई करतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही मागं हसायचो. पण त्यांच्या घरी मारका बैल कधी गेला नाही हेही खरं.

पुसेगावचे तात्या म्हणजे दुसरं टोक. तात्या बैलाकडं बघायचेच नाहीत. धोतर सावरत माझ्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘‘बापू, मला बैलातलं काई कळत न्हाई. मी तुझं तोंड बघतो. तू व्हय म्हण, मी कासरा धरतो.’’ असं गिऱ्हाईक हेड्याला जड जातं. त्याच्याशी घासाघीस करता येत नाही आणि त्याला वाईट बैलही देता येत नाही.

सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडे सांगायचे, आणि तोंडानं पाऊसपाण्याच्या गोष्टी. पहिला आकडा कधीच खरा नसतो. त्याला खोटं म्हणू नका. भेटल्यावर रामराम करतात तसा तो असतो, त्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. त्या पहिल्या आकड्याला ‘बरं’ म्हणणारा माणूस एक तर येडा असतो, नाही तर त्याला तुमच्याशी सौदाच करायचा नसतो.

आता गुडघ्याकडं येतो.

एका बाजारात टेम्पोत बैल चढवताना बैलानं उडी घेतली. कासऱ्याचा वेढा माझ्या पायात होता. पाय एकीकडं, मी दुसरीकडं. गुडघ्यात काही तरी तुटल्याचा आवाज माझा मला ऐकू आला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतलं लिगामेंट तुटलंय. हाडाला हाड बांधून ठेवणारी ती दोरी. मांडीतली शीर काढून त्यांनी नवी दोरी ओवली. ऑपरेशन चांगलं झालं. नंतर कित्येक महिने व्यायाम करा, बाजार बंद ठेवा, असं ते म्हणाले होते. पण माझा बाजार बंद म्हणजे रशीदभाईनं एकट्यानं सौदे करायचे, आणि त्याला मऊ माणूस म्हणून सगळे ओळखतात. काठी टेकत मी लवकरच परत गेलो. चालायला लागलो म्हणजे बरा झालो, असं समजलो.

पुढं काही वर्षांनी तोच गुडघा सुजायला लागला. सकाळी उठलं की आखडलेला, जिना उतरताना आतून करकर. पुन्हा नांदेड. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, ‘‘सांध्याची झीज झालीय. मधली गादी पातळ झाली. एकदा दोरी तुटलेल्या गुडघ्यात असं होतं. कधीतरी सांधा बदलावा लागेल, पण नीट व्यायाम केलात, वजन उतरवलंत तर ते बरंच पुढं ढकलता येईल.’’

दर वेळी नांदेडला यायची गरज नाही म्हणून त्यांनी माझ्या फोनात दवाखाना घालून दिला. त्याला ॲप म्हणतात. त्यात एक गोरापान माणूस पांढऱ्या चटईवर झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून दाखवतो, पाय सरळ उचलून दाखवतो, खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवतो. त्याला काही झालेलं नसतं, त्यामुळं तो हसतमुख असतो. आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवणाऱ्या प्रणिता नावाच्या मॅडम फोनवर दिसायच्या. माझ्या मुलीपेक्षा लहान, बोलायला गोड. आणि रोज सकाळी फोन एक प्रश्न विचारायचा: आज दुखणं किती? शून्य ते दहा. शेजारी तोंडांची रांग, हसरं, गप्प, रडकं. एकावर बोट ठेवायचं.

मला सांगा, दुखणेकऱ्यालाच दुखण्याचा आकडा विचारायचा, हा कुठला बाजार? माझा जो राग आहे त्यातला पहिला हा. बैल घेताना मी खुरापासून वशिंडापर्यंत हात फिरवतो. बैलवाल्याला विचारून बैल घेणारा हेडी मी अजून पाहिला नाही. आणि इथं शिकलेली माणसं रोज सकाळी मलाच विचारून राहिली, की बाबा, तुझ्या मालात खोड किती?

मी पहिल्या दिवशी नऊवर बोट ठेवलं. खरं दुखणं सहा-सातच्या आसपास असेल. पण पहिला आकडा खरा सांगायचा नसतो. मी नऊ म्हटलं की ते आठ म्हणतील, मग मी साडेसातवर येईन, असं काही तरी माझ्या डोक्यात होतं. तर तिकडून कुणी काही म्हणेचना. चार दिवस नऊ दाबल्यावर फोनातला रंग लाल झाला आणि मॅडमचा फोन आला.

‘‘काका, नऊ म्हणजे खूपच आहे. डॉक्टर म्हणतायत, असंच राहिलं तर ऑपरेशनचा विचार लवकर करावा लागेल.’’

मी गार. समोरच्यानं घासाघीस न करता सरळ गळाच धरला. दुसऱ्या दिवशी मी पाचवर आलो. चार दिवसांनी चारवर. फोन पिवळा झाला. मॅडम खूश. त्यांनी व्यायाम वाढवला, तो मी केला नाही. केला म्हणून खूण मात्र करत गेलो. त्या पोरीला वाटत होतं काका सुधारतायत, आणि मला वाटत होतं सौदा माझ्या बाजूनं चाललाय.

बायको, गोदा, हे बघत होती. ‘‘अवं, तुमी फोनाला फसवून राहिले का सोताला?’’

‘‘गोदे, तुला धंद्यातलं काई कळत न्हाई.’’

‘‘धंदा न्हाई, गुडघा हाय तो.’’

एवढा आटापिटा मी काहून करत होतो? तर रशीदभाईमुळं. गुडघा सुजल्यावर तो घरी आला होता आणि ओट्यावर बसून म्हणाला होता, ‘‘बापू, तकलीफ घेऊन बाजारात फिरू नको. जनावराच्या मधी पडलास तर जिवावर येईल. डाक्टर बरा म्हनंल तवाच ये. फोनात रंग दिसतो म्हनं, तो हिरवा झाला की ये. तवर दावण मी बघतो.’’

बोलणं काळजीचं होतं, पण मला त्यात वेगळंच ऐकू आलं. सौदा माझा, पारख माझी, आणि ‘दावण मी बघतो’ म्हणजे काय? माझ्याशिवाय एक बाजार चालला, दोन चालले, तर तिसऱ्या बाजारी लोक मला विचारतील कशाला? मी पाणी पाजत वर आलेला माणूस. ती जागा सोडली तर मी परत पाणी पाजणाराच. तेव्हा हिरवा रंग मला पाहिजेच होता, लवकरात लवकर.

हिरवा होण्याआधी मॅडमना चाल बघायची होती. ‘‘काका, काकूंना फोन धरायला सांगा आणि मला चालून दाखवा.’’

ज्या युक्त्या पकडण्यात माझं आयुष्य गेलं, त्या सगळ्या मी त्या दिवशी वापरल्या. फोनच्या तासभर आधी दुखणं मारणारी गोळी घेतली. घरामागं जाऊन येरझाऱ्या घातल्या, आखडलेला सांधा मोकळा केला. अंगणातली फरशी सोडून परसातल्या मऊ मातीत चाललो. गोदाला म्हणालो, ‘‘पुढून धर फोन. मागून न्हाई.’’ त्यात आमच्याकडं रेंज येऊन-जाऊन असते. चित्र मध्येच अडकायचं, आणि अडकलेल्या चित्रात कुणीच लंगडत नाही. मॅडमनी वळून दाखवा म्हणून सांगितलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

‘‘छान, काका. बरीच सुधारणा आहे.’’

दोन दिवसांनी मी तीनवर आलो आणि फोन हिरवा झाला. तो मी रशीदभाईला नेऊन दाखवला. त्यानं फोन हातात घेतला, रंग बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘‘चल मग.’’

मी परत बाजारात उभा राहिलो. खरं सांगायचं तर उभा कमी, बसलोच जास्त. चहावाल्याच्या बाकड्यावर बसून मी बैल बघायला लागलो. लोकांना म्हणायचो, आणा इकडं. हेड्याकडं बैल आणतात हे बाजाराला नवं होतं, पण माझा दरारा एवढा की कुणी विचारलं नाही.

अशातच तात्या आले. त्यांचा एक बैल म्हातारा झाला होता, जोडीला दुसरा पाहिजे होता. मी बाकड्यावर, तात्या समोर धोतर सावरून उभे. परभणीकडचा एक माणूस चार दाती, तरणा बैल घेऊन आला. बाकड्याच्या पुढ्यात रोज जनावरं तुडवून तुडवून मातीचा भुगा झालेला, त्यातूनच त्यानं बैल नेला आणि आणला. देखणा. सरळ. मला उठायला पाहिजे होतं. पलीकडच्या मुरमावर नेऊन, मागं चालत जाऊन, जागेवर वळवायला पाहिजे होता. पण सकाळच्या गोळीचा जोर ओसरला होता. उठताना बाकडं धरावं लागलं असतं आणि ते रशीदभाईनं पाहिलं असतं. तो तिथंच, दोन हातांवर उभा होता.

तात्या माझं तोंड बघत होते. मी ‘व्हय’ म्हणालो. तात्यांनी कासरा धरला.

पंधरवड्यानं तात्या परत आले. बैल सोबत होता. बाजाराच्या फाटकापासून आमच्या दावणीपर्यंत तात्या त्याला चालवत घेऊन आले आणि तो पावलापावलाला मागचा पाय ओढत आला. सगळा बाजार बघत होता. असं आमच्या दावणीवर कधी झालं नव्हतं. दुसऱ्यांच्या दावणीवर झालेलं बघून मी हसलेला आहे.

तात्या भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘बापू, मी तर तुझं तोंड बघितलं व्हतं.’’

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ‘‘तात्या, तुमी राबवून राबवून पाय घालवला असंल त्याचा. बैल देताना बराबर व्हता.’’

‘‘अजून कोळपायला जुपला बी न्हाई, बापू. घरी नेला अन् सकाळी उठंना.’’

‘‘म्हंजे मी खोटा का?’’ असं म्हणत मी तावातावानं बाकड्यावरून उठलो, बैलाकडं वळलो, आणि गुडघा आतून निसटला. धरायला काही नव्हतं. मी तात्यांच्या पायाशी, त्या मातीत पडलो. लंगडा बैल माझ्या डोक्यावर उभा राहून माझ्याकडं बघत होता. कुणीतरी मागून म्हणालं, ‘‘ही तर जोडी झाली.’’ बाजार हसला. हसणारच. मीही हसलो असतो.

रशीदभाईनं मला काखेत धरून उठवलं, बाकड्यावर बसवलं. मग दावणीकडं गेला, आमच्याकडचा सगळ्यात चांगला बैल सोडला आणि त्याचा कासरा तात्यांच्या हातात दिला. लंगडा बैल आमच्या दावणीला बांधला. मला विचारलं नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही. बैलांच्या सौद्यात मला न विचारता हात घालायची त्याची ती पहिली वेळ.

दोन दिवसांनी तो घरी आला. मी खाटेवर, गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. गोदानं चहा ठेवला. तो कप हातात घेऊन माझ्या गुडघ्याकडं बघत बसला.

मीच तोंड उघडलं. ‘‘मला न विचारता बैल काहून दिला?’’

‘‘तुला विचारलं असतं तर तू दिला नसता.’’

‘‘सौदा कुणाचा असतो आपल्यात?’’

‘‘तुझा.’’

‘‘मग?’’

‘‘बापू, तो सौदा न्हवता. तात्याला बैल द्यायचा व्हता.’’ मग म्हणाला, ‘‘फोन हिरवा कसा काय झाला रे?’’

खोड पकडली गेली की मी आवाज चढवतो. चढवला. म्हणालो, माझ्यावर भरोसा नसेल तर राहू दे. म्हणालो, पारख कुणाची, नाव कुणाचं, दावणीवर लोक कुणाचं तोंड बघून येतात. शेवटी म्हणालो, ‘‘मग मी बाजारच सोडतो. तुझी दावण तुला लखलाभ.’’

हा माझा पहिला आकडा होता. माझ्याबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायला पाहिजे का? असा आकडा मी त्याच्यासमोर कितीदा टाकला असेल. दर वेळी तो म्हणायचा, ‘येड्यासारखं बोलू नको,’ मग मी थोडा खाली यायचो, तो थोडा वर यायचा, आणि चहा व्हायचा. मी वाट बघत होतो.

रशीदभाईनं कप खाली ठेवला. म्हणाला, ‘‘बरं.’’

मग उठला, गोदाला ‘येतो वहिनी’ म्हणाला, दारात चपला घातल्या आणि गेला.

तात्यांचा बैल, बाजारातलं हसणं, सगळं मी विसरेन. हा शब्द विसरणार नाही. त्यानं भांडायला पाहिजे होतं. शिव्या द्यायला पाहिजे होत्या. निदान एकदा तरी ‘विचार कर’ म्हणायला पाहिजे होतं. लोक मला समजावतात, की त्यानं तुझ्या भल्यासाठीच केलं. असेल. मऊ माणसं अशाच वेळी कठीण होतात. पण मी त्याच्याशी बोलत नाही, आणि त्यानंही फोन केलेला नाही. लोकांकडून एवढंच कळलं, की लंगडा बैल त्यानं विकला नाही, घरीच ठेवला.

आठवड्याचा फोन आला तेव्हा मी घ्यायला तयार नव्हतो. गोदानं घेतला. मला न विचारता घेणाऱ्यांत आता तीही सामील झाली. प्रणिता मॅडम म्हणाल्या, ‘‘काकू, काका कसे आहेत? आकडा तर तीनच दिसतोय.’’

गोदा म्हणाली, ‘‘मॅडम, ह्यांनी तुमाला लंगडा बैल इकला.’’

आणि सगळं सांगितलं. नऊ, चार, गोळी, मऊ माती, पुढून धरलेला फोन. मी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. मॅडम चिडतील असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, ‘‘चूक माझीही आहे, काका. मी वळायला सांगायला हवं होतं.’’ त्यांनी अशी चूक स्वतःकडं घेतल्यावर मला भांडायलाही जागा उरली नाही. कोणत्याच बाजारात अशी माणसं मी पाहिली नाहीत. त्यांच्याशी कसं वागतात ते मला माहीत नाही.

नांदेडला जाऊन परत फोटो काढला. जी गादी पुरवून पुरवून वापरायची होती, तिच्यातली पुष्कळ या काही महिन्यांत गेली, असं डॉक्टर म्हणाले. सांधा बदलायचा आहेच, पण मांडीत जोर आल्याशिवाय बदलूनही उपयोग नाही. म्हणजे परत तीच टॉवेलची गुंडाळी आणि तोच चटईवरचा हसरा माणूस. आता मी व्यायाम करतो. सकाळी जो आकडा असेल तोच दाबतो. बहुतेक सात असतो. सातला कुणी काही म्हणत नाही, फोन पिवळा राहतो आणि माझा दिवस सुरू होतो. बाजारच्या दिवशी गल्लीतून गाड्या जातात, त्यांत बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्या वाजतात. त्या दिवशी मी व्यायाम लवकर उरकतो.

गेल्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, ‘‘काका, आपण नव्यानं सुरुवात करतोय, तर ध्येय नवं लिहू. मागच्या वेळी ध्येय म्हणून ‘बाजार’ लिहिलंय, ते मी काढते. काही तरी लिहिल्याशिवाय ॲप पुढं जात नाही. तुम्हाला कुठपर्यंत चालता यायला हवं?’’

मी टॉवेलची गुंडाळी उलगडून परत गुंडाळली.

‘‘अंगणात चार फेऱ्या लिहू?’’

‘‘अंगणात कोंबड्या फिरतात.’’

‘‘मग पाण्याची टाकी? काकू म्हणाल्या, जवळ आहे.’’

‘‘टाकी म्हंजे दोन घरं. ओढ्याचा पूल लिहा.’’

गोदा फोन धरून उभी होती. ती म्हणाली, ‘‘मॅडम, पूल गावाच्या भाईर हाय. ह्यांचं ऐकू नका, आधी लांबचं सांगतेत.’’

‘‘पूल नको, काका. टाकी.’’

‘‘मारुतीचा पार.’’

‘‘काकू, पार किती लांब?’’

‘‘अर्ध्या गावात हाय.’’

‘‘मग नाही जमणार. टाकीच्या थोडं पुढं काय आहे?’’

‘‘शाळा हाय,’’ गोदा म्हणाली.

‘‘शाळा,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘काठी घेऊन.’’

‘‘बिगरकाठीचं.’’

‘‘काठी घेऊन, काका.’’

‘‘ठीक. पण जाऊन-येऊन लिहा. नुसतं जाणं न्हाई.’’

त्या हसल्या आणि लिहून घेतलं. शाळेच्या पुढच्या वळणावर गोरेगावची, रशीदभाईच्या गावची जीप थांबते. तिथपर्यंत सौद्यात त्या आल्या नसत्या, आणि मीही ताणून धरलं नाही.